रिश्त्यांचा धंदा वाढवायचा, पण कोणत्या दिशेने?

काही दिवसांपूर्वी जुन्या नाशकातील एक परिचित गृहस्थ दुकानावर आले. पूर्वी ते मोहल्ल्यात हौसेने रिश्ते जमवीत. पुढे त्याचाच व्यवसाय केला, व्हॉट्सअॅपवर गट काढले आणि दोन वर्षांपूर्वी एक वेबसाइटही सुरू केली. धंदा बरा चालतो. आता त्यांना तो वाढवायचा आहे. कागदावर त्यांनी यादीच करून आणली होती: मोबाईलचे अॅप, संपूर्ण महाराष्ट्रात शाखा, फोटो स्टुडिओ, शादी हॉलचे बुकिंग, बावर्ची, मंडप, पत्रिका, शेवटी हनिमूनच्या सहली. "भाई, किती भांडवल लागेल तेवढे सांगा," म्हणाले. मी म्हणालो, भांडवलाचे नंतर पाहू, अगोदर यादी उलटी करू.

त्या दिवशी जे बोलणे झाले ते येथे सविस्तर मांडतो, कारण आपल्या समाजात या धंद्यात शिरलेले तरुण आता गावोगाव दिसतात आणि बहुतेकांच्या खिशात अशीच यादी असते.

या धंद्याचा स्वभाव इतर धंद्यांहून वेगळा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. किराणा दुकानदाराचे गिऱ्हाईक समाधानी झाले तर दर महिन्याला परत येते. रिश्ते जमविणाऱ्याचे गिऱ्हाईक समाधानी झाले की कायमचे जाते. जे परत परत पैसे भरते ते गिऱ्हाईक म्हणजे ज्याचे काम झालेले नाही. म्हणून तीन महिन्यांची, सहा महिन्यांची वर्गणी घेणाऱ्या कंपनीच्या मनात एक ओढाताण कायम असते: काम लवकर झाले तर वर्गणी बुडते. मोठ्या कंपन्यांना ही ओढाताण पेलते, कारण त्यांच्याकडे दरवर्षी जाहिरातीच्या जोरावर नवी लाखो नावे येतात. आपल्या माणसाकडे जाहिरातीला पैसा नाही. त्याची जाहिरात म्हणजे वलीम्याच्या दस्तरखानावर कोणीतरी विचारतो, "हा रिश्ता कोणी जमवला?" आणि त्याचे नाव निघते, एवढीच. तेव्हा त्याने लवकर आणि नीट काम करणे हाच त्याचा विस्तार.

मोठ्यांची गोष्ट सांगतो, कारण यादी त्यांचेच पाहून केलेली असते. अनुपम मित्तल यांनी मुंबईत १९९०च्या दशकात 'सगाई डॉट कॉम' काढली, तीच पुढे 'शादी डॉट कॉम' झाली. चेन्नईचे मुरुगवेल जानकीरामन अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत होते. १९९७ मध्ये त्यांनी तमिळ लोकांसाठी एक वेबसाइट सुरू केली. तीत सण, बातम्या, पंचांग असे बरेच काही होते आणि एका कोपऱ्यात स्थळांचे सदर होते. लोक त्या कोपऱ्यातच गर्दी करतात हे पाहून त्यांनी बाकीचे सोडून तोच कोपरा धरला. त्यातून 'भारत मॅट्रिमोनी' उभी राहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि आज तिचा वार्षिक व्यवसाय साडेचारशे कोटींच्या घरात आहे.

पण तो वाढला कसा, हे नीट पाहावे. सगळ्या भारताला एकच दुकान उघडून तो वाढला नाही. भाषेभाषेचे वेगळे दुकान केले, मराठीचे वेगळे, तेलुगूचे वेगळे. पुढे बिरादरी आणि धर्माप्रमाणे वेगळे केले, त्यात मुस्लिमांसाठीही एक आले. शेअर बाजारात जाताना इंटरनेटवरच्या या कंपनीची देशभर शंभराहून अधिक प्रत्यक्ष कार्यालये होती. माणसाला रिश्त्याच्या बाबतीत अखेर समोर बसून बोलायचे असते, हे त्यांना कळले होते. हॉल, फोटो, लग्नाचा बाजार ही सगळी जोडकामे त्यांनी नंतर केली. आपले तरुण मात्र आरंभच शेवटच्या पानापासून करतात.

आपल्या मराठी मुलखातील उदाहरण म्हणजे पुण्याची 'अनुरूप' विवाहसंस्था. ती १९७५ मध्ये अंबूताई गोखले यांनी सुरू केली, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधी. वह्या आणि फाइली यांच्यावर वर्षानुवर्षे काम झाल्यावर ती संगणकावर आली, आणि मुलामुलींचे समुपदेशन हे तिच्या कामाचे मोठे अंग राहिले. वेबसाइट असली म्हणजे विवाहसंस्था होते असे नव्हे, हे तिच्याकडे पाहून समजते.

आता शाखांचा हिशोब करू. समजा, आपल्या गृहस्थांकडे नाशिक शहरातील ३०० मुलगे आणि ३०० मुली अशी ६०० नावे आहेत. एका मुलीसाठी वयाने बसणारे निम्मे धरले तर १५० राहतात. शिक्षण बरोबरीचे किंवा जवळपासचे मागितले तर त्यातले तिसरा हिस्सा, म्हणजे ५०. बिरादरी आणि मसलक पाहिले तर पाचातला एक, म्हणजे १०. घर, कमाई, रूप, स्वभाव यांत निम्मे गळाले की उरले ५. पाच स्थळे दाखविता आली म्हणजे बापाचे समाधान होते.

आता आणखी ६०० नावे मिळवायची आहेत. ती महाराष्ट्रातील ३० गावांतून वीस-वीस मिळविली, तर प्रत्येक गावात १० मुलगे. मुलीचा बाप तीसही गावे पाहत नाही. रात्री निरोप आला तर सकाळी पोहोचता यावे एवढ्या अंतरावरच त्याला मुलगी द्यायची असते. त्यातील चार गावे त्याला पसंत पडली, तर मुलगे झाले ४०. त्यांना वरचीच गाळणी लावली तर एकही धड पुरा उरत नाही. हीच ६०० नावे एकट्या मालेगावातून आणली असती तर त्या मुलीला आणखी ५ स्थळे मिळाली असती. खर्च मात्र तीस गावांत तीसपट.

मालेगाव नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. २०११च्या जनगणनेत तेथील लोकवस्तीत शंभरात ७९ मुस्लिम होते. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी घरी माणूस सापडतो. नाशिककर मात्र मालेगावकडे पाहून नाक मुरडतात आणि मालेगावकर नाशिकच्या लोकांना शिष्ट समजतात. हा गैरसमज दूर करणारा मध्यस्थ दोन्हीकडे कमावील. त्यानंतर मनमाड, येवला, संगमनेर, धुळे आणि मग भिवंडी. भाड्याचे ऑफिस घेऊन मुलगा बसविण्याऐवजी प्रत्येक गावात एक जाणती बाई शोधावी. शिवणक्लास चालविणारी, निवृत्त शिक्षिका, मदरशात मुलींना शिकविणारी आपा. जिच्यासमोर घराची आई मोकळेपणाने बोलते तीच खरी शाखा. तिला कामापोटी ठरलेला मोबदला द्यावा, नुसत्या दुआंवर भागवू नये.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' या नावांनी इंटरनेटवर जे झाले ते कोणी विसरलेले नाही. मुस्लिम मुलींचे आणि बायकांचे समाजमाध्यमांवरील फोटो उचलून त्यांचा जणू लिलाव मांडला गेला. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२२ मध्ये अटका केल्या, पण भीती घराघरांत बसली ती बसली. त्यानंतर मुलीचा फोटो मागणाऱ्या वेबसाइटकडे बाप संशयाने पाहतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मग तोच बाप नातेवाइकाच्या सांगण्यावरून मुलीचा बायोडाटा दोनशे अनोळखी माणसांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकतो. तेथे फोटो, पत्ता, बापाचा मोबाईल क्रमांक, सगळे उघडे. एकाने पुढे पाठविले की ते कोठे जाईल याला धरबंध नाही. निकाह होऊन मूल झाले तरी तिचा बायोडाटा फिरतच असतो.

आमच्या गृहस्थांचे असे चार गट आहेत. विस्ताराचे पहिले पाऊल म्हणून ते बंद करा, असे मी म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण पाहा, २०१५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या एका मुस्लिम अॅपने हीच अडचण ओळखून नाव कमावले. फोटो धूसर ठेवायचा, समोरच्यास दाखवायचा की नाही ते मुलगी ठरविणार, आणि बोलणे चालू असेल तर वलीला किंवा घरच्या माणसाला त्याची प्रत जाणार. ही सोय आपल्या चालीरीतीतूनच निघालेली आहे. ती करायला कोट्यवधींचे अॅप लागत नाही. फोटो कार्यालयातच ठेवावा, दोन्ही घरांची प्राथमिक पसंती झाल्यावर कार्यालयात किंवा आपांच्या घरी दाखवावा, कोणाला दाखविला त्याची तारीखवार नोंद वहीत करावी. निकाह ठरला की कागद परत. 'आमच्याकडे मुलीचा फोटो फिरत नाही' ही एक ओळ पाटीवर लिहिली आणि पाळली, तर ती कोणत्याही जाहिरातीहून अधिक नावे आणील.

याच अॅपची आणखी एक हकीकत व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी. त्याचे नाव 'मझमॅच' होते. 'मॅच' या शब्दावरून अमेरिकेच्या मोठ्या कंपनीने दावा लावला, २०२२ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि जमलेले नाव टाकून 'मझ' करावे लागले. आपल्याकडे तर चार दुकानांत तीन नावे कोणाची तरी नक्कल असतात. पाटी रंगविण्यापूर्वी नावाची ट्रेडमार्क नोंदणी करावी. एकट्या माणसास किंवा लहान उद्योगास ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे, आणि तेवढ्यात पुढची डोकेदुखी वाचते.

अॅपविषयी माझे मत असे की ते आज नको. १ मार्च २०२४ रोजी गूगलने फीच्या वादावरून अनेक भारतीय कंपन्यांची अॅप आपल्या प्ले स्टोअरमधून काढून टाकली. त्यांत 'भारत मॅट्रिमोनी' होती, आणि त्याच कंपनीची 'मुस्लिम मॅट्रिमोनी'ही होती. सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ती परत आली. शेकडो कोटींच्या कंपनीचे दुकान घरमालकाने एका दिवसात बंद केले, तर आपली काय कथा! साधी वेबसाइट आणि हाताशी स्वतःची वही, जिची प्रत घरी कपाटात आहे, एवढे पक्के करावे. वही ज्याच्या ताब्यात, धंदा त्याचा.

मग विकायचे काय? माझ्या मते या धंद्यात स्थळे विकायचीच नसतात, स्थळे कोठेही मिळतात. विकायची ती तहकीकात. मुलगा खरेच कोठे काम करतो, घर स्वतःचे की भाड्याचे, अगोदर निकाह झाला होता का, कर्ज किती, व्यसन काय, शेजारी काय म्हणतात. अनेक ठिकाणी निकाहापूर्वी मुलाच्या मोहल्ल्यातील जमातीचे पत्र मागण्याची रीत आहे, पण पत्र देणाऱ्याचाही भिडेखातर हात वळतो. मुलगा आखातात असेल तर त्याच्या इकाम्याची प्रत मागावी. त्यावर पेशा लिहिलेला असतो, आणि बायोडाट्यात 'सुपरवायझर' असलेला माणूस इकाम्यावर ड्रायव्हर निघाल्याची उदाहरणे आपण सर्वांनीच ऐकली आहेत. (ड्रायव्हर असणे वाईट नाही. खोटे बोलणे वाईट.) मुलीकडचीही तितकीच चौकशी व्हावी. हे काम पायपिटीचे आहे, संगणक ते करीत नाही, आणि म्हणूनच त्याला पैसे मागता येतात.

आता या पानाच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचे. या वेबसाइटींचे फॉर्म नोकरदारांसाठी बनविलेले असतात. शिक्षण कोणते, कंपनी कोणती, वार्षिक पॅकेज किती. आपला मुलगा दहावीनंतर फॅब्रिकेशनमध्ये शिरला, आज त्याचे अंबडला शेड आहे, सहा माणसे हाताखाली आहेत. त्या फॉर्ममध्ये तो 'दहावी पास, पॅकेज नाही' एवढाच दिसतो. शेजारचा पंधरा हजारांवरचा पदवीधर त्याच्या वर दिसतो. उलट बाजूस आपल्या मुली शिकत चालल्या आहेत, बी.ए., डी.एड., फार्मसी करीत आहेत, आणि त्यांच्या तोडीचा शिकलेला मुलगा मिळेना म्हणून घरे अडून बसली आहेत. कारागीर मुलगा त्यांच्यासमोर कधी धड मांडलाच जात नाही.

आमच्या गृहस्थांनी आपला फॉर्म बदलावा. दुकान किंवा कारखाना मालकीचा की भाड्याचा, किती वर्षे चालू, हाताखाली माणसे किती, उद्यम नोंदणी आहे का, आयकराचे विवरणपत्र भरतो का, बँकेचे हप्ते किती, अशी वेगळी पाने करावीत. आणि जो मुलगा विवरणपत्र दाखवू शकत नाही त्याला सांगावे की बाबा, निकाहासाठी तरी हिशोब ठेवायला लाग. सुतार, गॅरेज मिस्त्री, शिवणकाम करणारे, फळांचे व्यापारी यांचे नीट तपासलेले रजिस्टर नाशिक आणि मालेगाव मिळून कोणी केले, तर मोठ्या कंपन्यांकडे जे नाही ते त्याच्याकडे असेल.

दुसरे दुर्लक्षित काम पुनर्विवाहाचे. विधवा, तलाकशुदा, मूल असलेली स्त्री यांची नावे आपल्याकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर ही पाने वाढली. त्यांच्या गरजा वेगळ्या असतात: मुलाचे काय, सासरचा हिस्सा मिळाला का, नवे घर मुलाला ठेवून घेईल का. यासाठी वेगळा दिवस, वेगळी बाई आणि कमी फी ठेवावी.

यादीतील उरलेल्या भागावर मात्र आमचे मतभेद झाले. हॉल, बावर्ची, मंडप, शेरवानी, पत्रिका यांच्याकडून शेकडा दहा कमिशन घ्यावे, असा त्यांचा बेत होता. मी स्वतः लग्नाच्या हंगामावर चार पैसे कमावणाऱ्यांपैकी आहे आणि या पानाचे अनेक वाचकही आहेत. तरी सांगतो, हे करू नये. शेकडा कमिशन घेणाऱ्याचा फायदा लग्न महाग होण्यात असतो. ज्या माणसाला मुलीच्या बापाने विश्वासाने घरात घेतले, तोच उद्या म्हणेल की हॉल मोठा घ्या, पदार्थ आठ ठेवा. पूर्वी काही मध्यस्थ जहेजच्या आकड्यावर टक्का घेत आणि म्हणून आकडा वाढवीत. हे त्याचेच सुधारलेले रूप झाले. कारागिराचेही नुकसान आहे. दहा टक्के द्यावे लागले की तो दर वाढवितो किंवा कपड्यात, तुपात मारतो.

त्यापेक्षा वर्षाला ठरावीक लहान रक्कम घेऊन कारागिरांची यादी छापावी, त्यात साध्या निकाहाचे दर ठळक द्यावेत. बावर्चीने शंभर माणसांचे, पत्रिकावाल्याने दोनशे प्रतींचे, टेलरने एका जोडाचे दर लिहून द्यावेत आणि वर्षभर पाळावेत. कोणाकडे जायचे ते घरवाले ठरवतील. निकाह स्वस्त झाले तर आपला गल्ला कमी होईल, असे माझ्या शेजाऱ्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. खर्चाच्या धास्तीने जे निकाह दोन-दोन वर्षे लांबतात ते वेळेवर होतील, आणि हंगामाबाहेरच्या महिन्यांतही कारागिराच्या हाताला काम लागेल.

कायद्याचे थोडक्यात. महाराष्ट्रात विवाह मंडळे आणि विवाह नोंदणी यांसाठी १९९८चा अधिनियम आहे. त्याखाली विवाह मंडळ चालविणाऱ्यानेही नोंदणी करावयाची असते. निकाह लावणाऱ्यांना हे ठाऊक नसते आणि मध्यस्थांना तर मुळीच नसते. वेबसाइट असेल तर केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये काढलेली सूचनावली वाचावी: नाव नोंदविणाऱ्याचे ओळखपत्र घेणे, वेबसाइट केवळ विवाहासाठी आहे हे स्पष्ट लिहिणे, तक्रार ऐकणारा माणूस नेमणे. लोकांच्या खासगी माहितीविषयी २०२३चा कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. लहान माणसाला एवढा दंड होईल असे नाही, पण फोटोंची ती व्हॉट्सअॅप गटांची पद्धत या कायद्यात बसणे कठीण. फॉर्ममध्ये 'देणेघेणे' असा रकाना असेल तर तो आजच खोडावा. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात विवाहाच्या बदल्यात मालमत्तेचे आमिष दाखविणारी जाहिरातही गुन्हा आहे. मेहर त्या कायद्यातील हुंड्यात मोडत नाही, तेव्हा मेहरची अपेक्षा खुशाल विचारावी. जीएसटीचे म्हणाल तर सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तोवर नोंदणीची सक्ती नाही.

उठताना गृहस्थांनी खरी अडचण सांगितली. लोक त्यांच्याकडून पत्ता घेतात, एकमेकांच्या घरी जातात, आणि निकाह झाला की कळवीतही नाहीत. त्यामुळे निकाहानंतर घ्यायची फी निम्म्या वेळा बुडते. मी विचारले, तहकीकातीचे किती घेता? म्हणाले, "तिचे कसले पैसे, ते तर करावेच लागते." पैसे घ्यायचे ते नेमके तेथेच. नोंदणीची फी नाममात्र ठेवावी. एका स्थळाची पूर्ण चौकशी करून लेखी अहवाल द्यायचा त्याचे दोन्ही बाजूंकडून सारखे आणि आगाऊ घ्यावे, स्थळ जुळो वा न जुळो. निकाहानंतर कोणी खुशीने दिले तर घ्यावे, न दिले तर मागू नये. दर किती ठेवावा यावर आम्ही पुन्हा चहा मागविला. येत्या शुक्रवारी ते मालेगावला जाणार आहेत, तेथे दोन-तीन घरांना विचारून मग आकडा ठरवू.